आप्पांची चिलखती गाडी आणि मालुआत्यांची लाकडं

चिलखती गाडी फुकट मिळतेय, हे रविराजनं जेवता जेवता सांगितलं तेव्हा रचना श्रियाला दहीभात भरवत होती. तिचा हात तिथंच थांबला. फुकट हा शब्द ऐकला की ती आधी त्याचं कारण शोधते. बहुतेक वेळा सापडतं.

"चिलखती म्हणजे?"

"म्हणजे लष्कराची. जुनी. चार टायरची, अंगावर जाड पोलाद, वर गोल बुरूज आणि बुरुजातनं तोफेची नळी. नळी आता खोटी आहे हं, बोअरचा पाइप बसवलाय."

"आणि असली गाडी आपण ठेवायची कुठं? जिन्याखाली?"

"आपल्याला नाही गं. आप्पांच्या गावाला."

समोर बसलेल्या आप्पांनी, म्हणजे रचनाच्या सासऱ्यांनी, निवृत्त सुभेदार नागोजीरावांनी, हातातला घास ताटात परत ठेवला. निपाणीजवळच्या त्यांच्या गावात माजी सैनिकांनी वेशीत एक चौथरा बांधून ठेवला होता. त्याच्यावर काय ठेवायचं हे ठरत नव्हतं, म्हणून तूर्त त्याच्यावर म्हशी बसत होत्या. आणि इकडं उद्यमबागेत रविराजच्या ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्याच्या आवारात ही गाडी वितळायची वाट बघत गंजत पडली होती. जागा रिकामी करायची होती. न्यायची तर या रविवारी न्या, नाहीतर सोमवारी भट्टीत, असं तो म्हणाला होता.

"ह्या गाडीवर मी निम्मी नोकरी काढलोय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज जरासा ओला झाला. "म्हणजे ही नसंल, हिची भैण आसंल. पर भट्टीत घालायची गोष्ट न्हवं ही."

आप्पांचा आवाज ओला झाल्यावर त्या घरात वाद संपतो. रचनानं फक्त एवढंच विचारलं, "ब्रेक आहेत का तिला?"

"आहेत की," रविराज म्हणाला. तो पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो, त्यामुळं खोटं बोलत नाही. पुढचा घास मोडून तो म्हणाला, "लागत नाहीत."

रचना फिजिक्सची एम.एस्सी. आहे. तिच्या भीतीला त्यामुळं एक शिस्त आहे. इतर बायकांना नुसती धाकधूक होते, हिला वजन, वेग आणि उताराचा कोन दिसतो. श्रिया झाल्यापासून तर शहापुरातल्या त्या चिंचोळ्या गल्लीतली प्रत्येक वस्तू तिच्याकडं डोळे वटारून बघते. गच्चीचा कठडा, रिमोटमधला चपटा सेल, शेजारच्या मागावरचा धोटा, अख्खा शेंगदाणा. तिची पिशवी हा तर घरात चेष्टेचा विषय. तिच्यात दहीभाताचा डबा असतो, औषधं असतात, टॉर्च, दोरी, शिट्टी, श्रियाची बाहुली, आणि पाहुण्यांकडं अचानक हळदीकुंकू निघालं तर म्हणून कुंकवाची डबीसुद्धा असते. "वैनी बाजारला चालल्यात का सरहद्दीला?" असं दूधवालासुद्धा विचारतो.

बातमी गल्लीत गेली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे मार्तंडकाका हे निवृत्त वकील. एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, त्यामुळं काळा चष्मा. ते पायरीवर बसूनच म्हणाले, "रविराज, परवानगीशिवाय ही वस्तू हलवू नकोस. हायवेवर तोफ दिसली की माणसं विचारतात. मी अर्ज करून देतो."

अर्ज घेऊन रविराज कचेरीत गेला, तिथून त्याची खरी परीक्षा सुरू झाली. पहिल्या टेबलानं विचारलं, ही गाडी आहे की माल? गाडी असेल तर नंबर कुठाय? नंबर नाही म्हणताच तो माल झाला, आणि मालाला बिल हवं. फुकट मिळाली म्हणताच ती भंगार झाली. मग भंगाराला मिरवणूक कशाला, हा प्रश्न दुसऱ्या टेबलानं विचारला. तिसऱ्या टेबलावरचे साहेब फोटो बघून खुर्चीतून अर्धवट उठले. "एन्री इदु? काय हे? तोफ उडतंय काय?"

"नाही साहेब. बोअरचा पाइप आहे."

"मग बोअरला परमिशन घेतलंय काय?"

शेवटी, हा सीमाभाग, सरकारी भाषा कन्नड, म्हणून अर्ज कन्नडमधून करून आणा म्हणाले. मार्तंडकाकांनी तो स्वतःच्या हातानं कन्नडमध्ये लिहिला, आणि साहेबांनी तो वाचून, शुद्ध मराठीत, "अक्षर चांगलंय तुमच्या काकांचं," असं म्हणून सही केली. गाडीचं नाव पडलं 'प्रदर्शनीय जड वस्तू'. मार्तंडकाका इतके खूश झाले, की कागद कुणाच्या हातात द्यायला नको म्हणून तेही बरोबर निघाले.

ओढायला रवळूचा ट्रॅक्टर ठरला. रवळू आप्पांच्या गावचाच. हंगामात संकेश्वरच्या बाजूला ऊस ओढतो, त्यामुळं त्याच्या ट्रॅक्टरला पुढं झेंडू, मागं झालर आणि दोन्ही मडगार्डांवर असे कर्णे, की तो गल्लीत शिरला की भिंतीवरच्या पाली खाली पडाव्यात. ट्रॅक्टरमागं बिनबाजूचा सपाट ट्रेलर. चिलखती गाडी क्रेननं त्याच्यावर चढवली तेव्हा ट्रेलरनं असा एक सुस्कारा टाकला, की रचनानं श्रियाला छातीशी धरलं.

"ही बसणार कशी जागेवर?"

रविराजनं अभिमानानं चार ठोकळे दाखवले. जुन्या घराच्या चौकटीचं सागवान. तिरके कापलेले, लाल रंग दिलेले, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं 'पुढचं डावं', 'मागचं उजवं' असं नीट लिहिलेलं. ते त्यानं चारी चाकांना घट्ट ठोकून बसवले. शिवाय विहिरीतला पंप वर ओढायची एक साखळी पुढच्या-मागच्या हुकांना बांधली.

"साखळी धरेल?"

"साखळी शोभेला आहे. खरं काम ठोकळ्यांचं. हे ठोकळे आहेत तोवर ही गाडी भूकंपात हलायची नाही."

हे वाक्य रचनानं मनात जपून ठेवलं. असली वाक्यं ती जपून ठेवते.

रविवारी सकाळी वरात निघाली. पुढं रवळूचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं ट्रेलर, ट्रेलरवर चिलखती गाडी आणि तिच्या बुरुजात छातीएवढे बाहेर आलेले, बिल्ले लावलेले आप्पा. त्यांना कारमध्ये बसा म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. "ह्या गाडीतला माणूस कारमधनं गेल्यालं बघितलायस कधी?" असं म्हणून त्यांनी बिल्ले सरळ केले. मागं घरची छोटी कार. ती रविराज चालवत होता. शेजारी मार्तंडकाका कागद मांडीवर घेऊन, मागं रचना, श्रिया, आणि आप्पांच्या धाकट्या बहीण मालुआत्या.

मालुआत्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना वाया गेलेलं बघवत नाही. लग्नात पत्रावळीवरचे लाडू, देवळात फोडलेले नारळ, रस्त्यावर पडलेला खिळा, जे बेवारस दिसेल ते त्यांच्या पिशवीत जातं. "पडून र्‍हाण्यापरास घरात आसूंदे की," एवढंच त्या म्हणतात.

वंटमुरीचा घाट आला तेव्हा रचनानं डोळे मिटले नाहीत, उलट फाडून उघडे ठेवले. तिचा असा समज आहे, की ती बघत असेपर्यंत काही होत नाही. लाल ठोकळे मागून स्पष्ट दिसत होते. हलले नाहीत. टोलनाक्यावर जड वस्तूला कुठला दर लावायचा यावरून घोळ झाला, पण मार्तंडकाकांनी काळ्या चष्म्यातून असं काही बघितलं, की तिथल्या माणसानं त्यांना लष्करातलेच कुणीतरी समजून दांडा वर केला. रचनाला पहिल्यांदाच वाटलं, जमतंय बहुतेक.

संकेश्वरला जमायचं थांबलं.

रवळूनं त्याच्या दोस्तांना आधीच फोन करून ठेवला होता. सर्व्हिस रोडला माणसांची भिंतच उभी. हलगी, गुलाल, हार, आरतीची ताटं. मिलिटरीची गाडी आपल्या गावावरून जातीय आणि तशीच जाऊ द्यायची, ही कल्पनाच त्या भागात कुणाला सहन होणारी नाही. नवी सायकल घेतली तरी इथं चाकाखाली लिंबू ठेवतात. ही तर तोफ.

रवळूच्या दोस्तांनी ट्रॅक्टरच्या चाकांखाली लिंबं ठेवली. त्यावर एक फेटेवाले अण्णा खेकसले, "आरं टॅक्टरची पूजा कशाला करतायसा? त्यो रोजच बघतोय की आमी. लिंबू हिच्या चाकाखाली लावा, मिलट्रीच्या गाडीच्या!"

चार गडी ट्रेलरवर चढले. रचना ते बघत होती, आणि बघतच राहिली असती, तर ही गोष्ट झालीच नसती. पण तेवढ्यात श्रियानं "मला आजोबांकडं" म्हणून भोकाड पसरलं, कुणीतरी "नातीला बी बसवा की वं!" म्हणून ओरडलं, आणि हलगीच्या तालात रविराजनं श्रियाला उचलून सरळ बुरुजात दिलं. नातीनं आजोबांच्या गळ्याला मिठी मारली. गर्दीनं शिट्ट्या मारल्या. रचना हातात कुणीतरी दिलेलं आरतीचं ताट घेऊन तशीच उभी राहिली.

"अहो! तिला खाली घ्या!"

"अगं, चारी बाजूंनी पोलाद आहे. कारपेक्षा सेफ."

वर गडी चाकांशी खुडबुड करत होते. हलगीच्या आवाजात तिला त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं.

"लिंबू बसंना झालंय रं, मधी कायतरी हाय."

"काढ की मग त्ये. हाण खाली."

"पर गाडी हलल्याबिगर लिंबू चिरडायचं कसं?"

"वाटंत चिरडतंय की आपोआप."

सगळे हसले. ताट सांभाळत रचनाही कसंनुसं हसली. ते शेवटचं वाक्य तिच्या कानात गेलं, पण आत पोचायला त्याला वेळ लागला.

एवढा मान बघून रविराजला कारमध्ये बसवेना. त्यानं किल्ली रचनाच्या हातात ठेवली. "मी ट्रॅक्टरवर बसतो. लोक हात करतायत, कुणीतरी पुढं नको का? तू चालव."

"मी? हायवेवर?"

"लायसन्स आहे की तुझ्याकडं."

लायसन्स होतं. ते तिनं आजवर बँकेत ओळखपत्र म्हणून वापरलं होतं.

पण मुलगी पुढं निघाली होती. मग रचनानं गाडी चालू केली. ती दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा उडी मारून निघाली. शेजारी मार्तंडकाकांनी वरची कडी धरली आणि कागद खिशात ठेवला.

कणगला गाव मागं पडलं. रचना ट्रेलरच्या मागं, बरंच अंतर ठेवून, स्टिअरिंगला चिकटून चालली होती. बुरुजातून श्रियाची पोनीटेल वाऱ्यावर उडताना दिसत होती. त्या पोनीटेलवरून तिनं नजर हलवली नाही. म्हणून चाकांकडं तिचं लक्ष गेलं नाही.

मागं मालुआत्यांनी पिशवी उघडली. "आजची कमाई बघ गं पोरी. नारळाची भकलं घावली. चांगली चांगली लिंबं घावली, सरबताला हुतील. आन् ही बघ, कशी झ्याक लाकडं! रस्त्यात टाकून दिल्याली गं, नारळाच्या करवंट्यात. सागवान हाय. न्हाणीत बसायला पाट हुतील चार."

आणि त्यांनी दोन सीटांच्या मधून एक लाकूड पुढं धरलं. लाल रंगाचं. तिरकं कापलेलं. त्याच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'पुढचं डावं'.

रचनाच्या हातातली गाडी एकदम सरळ चालायला लागली. माणूस खरा घाबरला की त्याचे हात थरथरायचे थांबतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

"किती आहेत आत्या?"

"चार. सगळीच उचलली. एकांदं कशाला ठिवायचं?"

मार्तंडकाकांनी चष्मा काढला. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानंही त्यांना ते वाचता आलं. "अरे देवा," ते म्हणाले. तीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी इतकं थोडक्यात कधी मत दिलं नव्हतं.

रचनानं पुढं बघितलं. चाकांना ठोकळे नव्हते. पिवळं काहीतरी दिसत होतं. लिंबं. पाच टन पोलाद चार लिंबांवर उभं होतं, आणि त्या पोलादात तिची मुलगी. समोर चढ सुरू होत होता, आणि चढ संपला की तवंदीचा घाट.

"काका, ह्यांना फोन लावा."

फोन लावला. तो कारमध्येच वाजला. रविराजनं चार्जिंगला लावून ठेवला होता.

"रवळूला लावा."

रवळूचा फोन त्याच्या कर्ण्यांना जोडलेला होता. एका क्षणी गाणं थांबून सगळ्या माळरानावर रिंग घुमली, रवळूला तीही गाण्यातलीच वाटली, आणि पुन्हा ढोल सुरू झाला.

मग रचनानं हॉर्न दाबला. ट्रॅक्टरवरून रविराजनं मागं वळून दोन बोटांनी जयाची खूण केली. ती खिडकीतून हात काढून जीव खाऊन हलवायला लागली, तर श्रियानं टाटा केला आणि आप्पांनी कडक सलाम ठोकला. शिट्टी पिशवीतून काढून फुंकली, तर पलीकडून जाणाऱ्या एसटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भीती दाखवायच्या सगळ्या खुणा आणि आनंद दाखवायच्या सगळ्या खुणा एकच आहेत, ही किती मोठी गैरसोय आहे, हे एरवी कुणाच्या लक्षात येत नाही.

"आडवी घाल गाडी, थांबवू त्यांना," काका म्हणाले.

"नाही! चढावर थांबले तर ती मागं येईल. उतारावर थांबले तर पुढं जाईल, रवळू आणि हे तिच्या खाली." हे ती जोरात बोलत होती, कारण मनातल्या मनात बोलली असती तर रडली असती. "माथ्यावर सपाटी आहे थोडी, हॉटेलांच्या समोर. तिथंच थांबवायचं. आणि हळू. एकदम ब्रेक मारला तरी संपलं."

"हळू कसं थांबवणार? आडवी गाडी बघून तो ब्रेकच मारणार."

रचनानं गिअर बदलला. ट्रॅक्टरवाला लांबून बघून, आपण होऊन, पाय हलका करून थांबेल असं काय असतं जगात? सिग्नलला तो थांबत नाही. पोलिसाला बघून वळतो. शिट्टीला टाळ्या मिळतात. तिला आरशात मालुआत्यांची पिशवी दिसली. लिंबं, नारळाची भकलं. काकांच्या पायाशी स्वतःची पिशवी. दहीभात, कुंकू.

आणि श्रियाची काळ्या केसांची बाहुली.

"आत्या, ती लिंबं कापा."

"आत्ता? सरबत?"

"कापा म्हणते ना! काका, तुम्ही डब्यातला दहीभात काढा."

तिनं ॲक्सिलरेटर दाबला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणालातरी ओव्हरटेक केलं, आणि तेही अर्ध्या रस्त्याएवढ्या रुंद ट्रेलरला. ट्रेलरच्या बाजूनं जाताना तिला पोलादाचं एक करकरणं ऐकू आलं, ते आजही झोपेत ऐकू येतं. रवळू खूश होऊन ओरडला, "वैनीसायेब जोमात!" तिनं तिकडं बघितलं नाही.

माथ्यावर, हॉटेलांच्या अलीकडं, तिनं कार कडेला लावली आणि रस्त्याच्या मधोमध धावत गेली. एम.एस्सी., फिजिक्स. भर दुपारी राष्ट्रीय महामार्गावर तिनं उकिडवं बसून कुंकवाचं मोठं रिंगण काढलं. त्याच्यात दहीभाताचे मुटके ठेवले, कापलेल्या लिंबांना कुंकू भरलं, नारळाची भकलं मांडली आणि मधोमध बाहुली बसवली. बाहुलीच्या कपाळाला कुंकू फासताना तिचा हात एकदाच अडखळला. मग ती रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

पहिला ट्रक कोल्हापूरचा होता. ड्रायव्हरनं लांबूनच बघितलं, वेग कमी केला, आणि रिंगणाच्या बऱ्याच अलीकडं गाडी उभी करून दोन्ही कानांना हात लावले. त्याच्या शेजारी हुबळीची लॉरी थांबली. तिच्या ड्रायव्हरनं खिडकीतून तोंड काढून, "अय्यय्यप्पा!" म्हटलं. मग कार थांबल्या, टेम्पो थांबले, एक आराम बस थांबली. दोन्ही राज्यांच्या नंबर प्लेटी एका रांगेत, एका मतानं उभ्या राहिल्या. एवढं एकमत त्या भागात फार वर्षांनी झालं असावं. उतरून तो उतारा बाजूला सारावा असं कुणालाही वाटलं नाही.

आणि चढावरून रवळूचा ट्रॅक्टर वर आला. सपाटीवर पोचला. थांबलेल्या गाड्या दिसल्या, गाड्यांच्या मधून कुंकू दिसलं, आणि रवळूनं गाणं बंद केलं. पाय अलगद वर घेतला. देवळात चप्पल काढावी तितक्या हळू त्यानं ट्रॅक्टर उभा केला.

चिलखती गाडी मात्र लगेच थांबली नाही. ती सावकाश, वीतभर, पुढं सरकली. साखळी ताठ ताणली गेली आणि तिची एक कडी उघडायला लागली. चाकांखालून पच्च असा आवाज आला. चारी लिंबं फुटली.

"वाटंत चिरडतंय की आपोआप." ते वाक्य आता रचनाच्या आत पोचलं.

ती आधीच धावत होती. दोन ठोकळे तिच्या हातात, दोन मार्तंडकाकांच्या. ट्रेलरवर ती कशी चढली हे तिला सांगता येत नाही, साडी गुडघ्यापर्यंत फाटलेली नंतर दिसली. 'पुढचं डावं' तिनं डाव्या चाकाला लावलं आणि हातातल्या दुसऱ्या ठोकळ्यानं ठोकलं. मग उजवं. मग मागची दोन. साखळीची कडी अर्धी उघडून तशीच थांबली.

रविराज खाली उतरून ठोकळ्यांकडं बघत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

रचनानं बुरुजाकडं हात वर केले. आप्पांनी काही न विचारता श्रियाला तिच्या हातात दिलं. लेकीच्या अंगाला गुलाल, घाम आणि गंजाचा वास येत होता. रचनानं तो वास इतका वेळ घेतला, की श्रियाच म्हणाली, "आई, दुखतंय."

एवढं झाल्यावर गोष्ट संपायला हवी. पण मागं हॉर्न वाजायला लागले होते आणि समोर उतारा तसाच होता. गस्तीची जीप आली. तिच्यातल्या हवालदारांनी दुरूनच काठी रोखली. "यारु, कुणी ठेवलंय हे? ज्यानं ठेवलंय त्यानंच उचलायचं. आमी हात लावणार न्हाई."

रचनानं श्रियाला कडेवर घेतलं आणि हात वर केला.

"मी."

लोक बाजूला झाले. रवळू तर ट्रॅक्टरच्या पलीकडच्या बाजूनं खाली उतरला. "शिकल्याली दिसतीया," कुणीतरी कुजबुजलं. "म्हणून तर! शिकल्यालीच करत्यात जोरकस," दुसरं म्हणालं. रचनाला ओरडून सांगायचं होतं, की अहो, ब्रेक लागत नव्हते हो, घर्षण नावाची एक गोष्ट असते. पण कुंकवानं माखलेली बाहुली हातात धरून घर्षणाबद्दल बोललं तर कोण ऐकतं? तिनं मान खाली घालून दहीभात गोळा केला. मालुआत्या लिंबं उचलायला पुढं आल्या, तेव्हा मात्र तिनं त्यांच्याकडं असं बघितलं, की आत्यांनी जन्मात पहिल्यांदा एक वस्तू वाया जाऊ दिली.

तवंदीचा घाट ते उतरले तेव्हा श्रिया कारमध्ये होती, आप्पा कारमध्ये होते, आणि रविराज ट्रेलरच्या बाजूनं ठोकळ्यांवर डोळा ठेवून पायी चालत होता. शिक्षा कुणी केलेली नव्हती. त्यानंच करून घेतली.

ते गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. वेशीत हलगी होती, हार होते, आणि ट्रेलर थांबताच एक जण लिंबं घेऊन पुढंही आला. तेवढ्यात कारमधून रचना उतरली. कडेवर मूल, हातात बाहुली. लिंबूवाला तिच्याकडं बघून एक पाऊल मागं सरला, मग दुसरं, आणि मग लिंबं खिशात घालून गर्दीत मिसळला. क्रेननं गाडी चौथर्‍यावर बसवेपर्यंत ट्रेलरच्या आसपास कुणी फिरकलं नाही. काम इतकं शिस्तीत झालं, की आप्पांना पलटणीची आठवण आली.

अडचण एवढीच राहिली, की ठोकळे चौथर्‍यावरही लागणार होते, आणि सागवान होतं. गावात मालुआत्या काही एकच नाहीत.

"रात्रीतनं जाईल कुणीतरी घेऊन," रचना म्हणाली. "खाली मुलं खेळणार. मला झोप लागायची नाही."

आप्पांनी थोडा विचार केला. मग ते श्रियासमोर उकिडवे बसले. "बाळ, तुझी बाहुली देतीस? ड्यूटीला पायजे."

श्रियानं बाहुलीकडं बघितलं, आजोबांच्या बिल्ल्यांकडं बघितलं. "तिला भूक लागली तर?"

"गावातनं डबा यील की."

बाहुली पुढच्या डाव्या ठोकळ्यावर बसली. आप्पांनी तिला सलाम केला, श्रियानंही केला.

ती अजून तिथंच आहे. ऊन-पावसानं तिचे केस विटले, फ्रॉकचा रंग गेला, कुंकू मात्र कोणीतरी अमावास्येला नवं लावतं. त्या गाडीचा एक नटसुद्धा गेलेला नाही. दर महिन्याला रचना जाते, वाकून चारी ठोकळे हलवून बघते, आणि ती वाकली की वेशीतली माणसं बोलायची थांबतात.